रँडी रेशो: स्टार रिसीव्हरला पासचा कोटा बांधून दिला तेव्हा काय झालं

२००२ च्या सीझनला अमेरिकन फुटबॉलमधल्या मिनेसोटा व्हायकिंग्स टीमचा नवा हेड कोच माइक टाइस यानं एक गोष्ट उघडपणे जाहीर केली, की यंदा आपल्या टीमच्या एकूण पासांपैकी ४० टक्के पास रँडी मॉस या स्टार रिसीव्हरकडे, म्हणजे पुढे पळत जाऊन पास पकडणाऱ्याकडे, जाणार. त्याला नाव पण पडलं, रँडी रेशो. क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकणारा, होता डॉन्टे कल्पेपर. म्हणजे क्वार्टरबॅकनं आपल्या सगळ्यात भारी रिसीव्हरला झुकतं माप द्यावं का, हा वाद अमेरिकन फुटबॉल बघणारे लोक दर रविवारी घालतात, आणि इथे तर त्याचा चक्क प्रयोग झाला, तोही आकडा ठरवून आणि सगळ्या जगाला सांगून.

सीझनचा निकाल लागला ६ विजय आणि १० पराभव. कल्पेपरचे इंटरसेप्शन, म्हणजे समोरच्या टीमनं पकडलेले पास, २३, त्या वर्षी लीगमध्ये (एनएफएल) सगळ्यात जास्त.

एवढं वाचलं की बरेच जण लगेच निकाल देऊन मोकळे होतात की बघा, एकाच माणसाच्या मागे लागलं की असं होतं. मला ते अजिबात पटत नाही, कारण हेच दोघं पुढच्या वर्षी एकत्र खेळले, मॉसनं आदल्या वर्षीपेक्षा जास्त पास पकडले आणि टीम जिंकायला लागली. माझं म्हणणं साधं आहे. मॉसला जास्त पास द्यायचे हे बरोबरच होतं, घोळ झाला तो किती द्यायचे हे मॅच सुरू व्हायच्या आधी ठरवण्यात. हे नीट कळायचं असेल तर हे प्रकरण मुळापासून बघायला लागतं, आणि त्याचे धागे पुढे डेट्रॉइटला आणि मग लॉस एंजेलिसला कसे जातात तेही.

टाइसला हे सुचलं का

मॉस १९९८ च्या ड्राफ्टमध्ये (टीम आळीपाळीनं नवे खेळाडू निवडतात तो) २१ व्या नंबरला व्हायकिंग्सकडे आला. मैदानाबाहेरच्या भानगडींमुळे बऱ्याच टीमनी त्याला सोडून दिला होता. पहिल्याच सीझनमध्ये त्यानं ६९ पास पकडून १३१३ यार्ड आणि १७ टचडाउन (बॉल घेऊन समोरच्याच्या शेवटच्या पट्ट्यात पोचणं) केले, टीम १५-१ (१५ विजय, १ पराभव) राहिली आणि ५५६ पॉइंट्स मारून तेव्हाचा लीगचा रेकॉर्ड केला. कल्पेपर १९९९ मध्ये ११ व्या नंबरला आला, वर्षभर बेंचवर बसला आणि २००० मध्ये स्टार्टर झाल्या झाल्या ३३ टचडाउन पास टाकून बसला. टीम ११-५ झाली, कॉन्फरन्सच्या (लीगच्या अर्ध्या भागाच्या) फायनलपर्यंत पोचली आणि तिथे न्यूयॉर्क जायंट्सनी ४१-० असं धुतलं.

२००१ मध्ये मात्र सगळंच बिघडलं. बॉल घेऊन पळणारा रनिंग बॅक रॉबर्ट स्मिथ रिटायर झाला होता. ऑगस्टमध्ये ट्रेनिंग कॅम्पमध्ये कोरी स्ट्रिंगर हा ऑफेन्सिव्ह लाइनचा (क्वार्टरबॅकला संरक्षण देणाऱ्या फळीचा) खेळाडू उष्माघातानं गेला, आणि अशा धक्क्यातून टीम सावरते म्हणजे नेमकं काय करते हे बाहेरून बोलणं सोपं असतं. सीझन संपता संपता कल्पेपर जखमी झाला, दुसरे क्वार्टरबॅक खेळले, टीम ५-११ वर आली, शेवटच्या मॅचआधी हेड कोच डेनिस ग्रीन टीममधून गेला आणि ऑफेन्सिव्ह लाइनचा कोच असलेला टाइस त्याच्या जागी आला. सीझननंतर क्रिस कार्टर हा रिसीव्हर पण टीममधून गेला. कार्टर म्हणजे इतकी वर्षं मॉसच्या समोरच्या बाजूला उभा राहणारा, डिफेन्सला ज्याची धास्ती असायची असा दुसरा माणूस.

मग टाइसच्या हातात काय उरलं, तर मॉस, ज्याला २००१ च्या उन्हाळ्यातच ८ वर्षांचा ७.५ कोटी डॉलरचा करार मिळाला होता, आणि २५ वर्षांचा क्वार्टरबॅक. आदल्या सीझनचे आकडे बघितले तेव्हा दिसलं की ज्या मॅचेसमध्ये पासांचा मोठा वाटा मॉसकडे गेला त्यात टीमचा रेकॉर्ड चांगला होता. त्यावरून ४० टक्के. दुसरंही एक कारण होतंच, मॉसचं मॅचमधून लक्ष उडतं असा त्याच्यावर कायम आरोप असायचा, बॉल येत राहिला की तो जागा राहील असा हिशेब. टाइसला मूर्ख ठरवायची मला गरज वाटत नाही, त्याच्या जागी बसलेल्या कोणालाही हा विचार सुचला असता.

पण त्या आकड्यातच गडबड होती

मॉसला जास्त पास गेले म्हणून टीम जिंकली, की त्या दिवशी समोरचा डिफेन्स कच्चा होता, मॉस मोकळा सापडत होता, म्हणून त्याला पासही गेले आणि टीमही जिंकली? दुसरी शक्यताच जास्त वाटते. त्यात २००१ मध्ये काही मॅचेस कल्पेपरशिवाय झालेल्या, म्हणजे तुलनाच एकसारखी नाही. आणि मुळात १६ मॅचेस, त्यातल्या काही इकडे काही तिकडे, एवढ्याशा आकड्यांवर अख्खं ऑफेन्स उभं करायचं हे धाडसच होतं. क्रिकेटमध्ये सेट झालेल्या बॅट्समननं जास्त बॉल खेळले ती मॅच आपण जिंकलो असं दिसतं, म्हणून कोणी आधीच ठरवलं की दर ओव्हरला चार बॉल त्यालाच खेळवायचे, तर दुसऱ्या टोकाची सोपी सिंगल सोडून द्यावी लागते आणि मग जिंकणं तर राहिलं बाजूला, रनरेट वाढत जातो. तसंच झालं हे.

थोडं गणित करून बघू. कल्पेपरनं त्या सीझनला १६ मॅचेसमध्ये ५४९ पास टाकले, मॅचला साधारण ३४. त्याचे ४० टक्के म्हणजे जवळपास १४. मॅचमध्ये १४ वेळा एकाच माणसाकडे. मॉस मैदानाच्या कडेला उभा राहायचा, त्याचं खरं शस्त्र म्हणजे सरळ वर ४० यार्ड पळत जायचं, बॉल डोक्यावर येईपर्यंत हात वर करायचे नाहीत म्हणजे मागून येणाऱ्या कॉर्नरबॅकला (रिसीव्हरला धरणाऱ्या डिफेंडरला) काही कळतच नाही, आणि शेवटच्या क्षणाला उडी मारून बॉल काढायचा. असा पास मॅचमध्ये १४ वेळा टाकता येत नाही. तेवढा वेळ लाइन देऊ शकत नाही आणि सेफ्टी, म्हणजे सगळ्यात मागे उभा राहणारा डिफेंडर, काही झोपलेला नसतो. मग कोटा भरायचा कसा, तर छोटे छोटे पास देऊन.

हे आकड्यात स्पष्ट दिसतं, आणि या प्रकरणातला माझ्या मते हा सगळ्यात महत्त्वाचा पुरावा आहे. १९९८ मध्ये मॉसचा एक कॅच सरासरी १९ यार्डांचा होता. २००० मध्ये १८.७. वाईट गेलेल्या २००१ मध्ये सुद्धा १५. रँडी रेशोच्या वर्षी १०६ कॅच, १३४७ यार्ड, म्हणजे सरासरी १२.७, आणि टचडाउन फक्त ७, तोपर्यंतच्या करिअरमधले सगळ्यात कमी. कॅच तोपर्यंतचे सगळ्यात जास्त आणि टचडाउन सगळ्यात कमी, हे दोन्ही एकाच सीझनमध्ये. लीगमधल्या सगळ्यात धोकादायक लांब पल्ल्याच्या रिसीव्हरला त्यांनी कोटा भरायच्या नादात साधा रिसीव्हर करून टाकला.

क्वार्टरबॅकच्या डोळ्यांचं काय होतं

आता जरा जवळून बघू, कारण खरी लढाई तिथे आहे. समजा तिसरा डाउन आहे (१० यार्ड पुढे जायला चार प्रयत्न मिळतात, एक प्रयत्न म्हणजे डाउन), अजून ८ यार्ड पाहिजेत. मॉस डावीकडे कडेला. त्याच्यासमोर कॉर्नर सात यार्ड मागे उभा, आणि त्याच्याही मागे मधोमध एक सेफ्टी. स्नॅप झाला, म्हणजे बॉल हातात आला, की क्वार्टरबॅककडे अडीच-तीन सेकंद असतात. पहिली नजर सेफ्टीवर. तो मॉसच्या दिशेनं कंबर वळवून पळायला लागला तर मॉसवर दोन माणसं झाली, म्हणजे मधली जागा रिकामी झाली आणि तिथे टाइट एंड (लाइनच्या कडेला उभा राहणारा, पास पण पकडणारा खेळाडू) धावत येतोय, बॉल त्याला द्यायचा, १५ यार्ड आले, पुढे चला. सेफ्टी जागेवरच थांबला तर मॉस एकास एक आहे, मग काही विचार न करता मॉस. म्हणजे कोणाला टाकायचं हे सेफ्टी सांगतो, क्वार्टरबॅकनं फक्त ते वाचायचं.

आता याच क्वार्टरबॅकला सांगून ठेवलंय की १४ पास मॉसला गेले पाहिजेत, तिसरा क्वार्टर चालू आहे आणि आतापर्यंत पाचच गेलेत. सेफ्टी मॉसकडे वळला हे त्याला दिसतं, तरी तो अर्धा सेकंद जास्त तिथेच बघत राहतो की कदाचित सुटेल, कदाचित उडी मारून काढेल, शेवटी मॉस आहे तो. तेवढ्यात पास रश, म्हणजे त्याला पाडायला धावणारे डिफेंडर, अंगावर येतो, टाइट एंडची जागा बंद होते, आणि बॉल सुटतो तो दोन माणसांच्या मधे. कधी मॉस काढतो, कधी खाली पडतो, कधी सेफ्टी घेऊन जातो. कल्पेपरचे २३ च्या २३ इंटरसेप्शन असेच झाले असं मी म्हणणार नाही, पण डिफेन्स रीड करायचं, म्हणजे वाचायचं, सोडून क्वार्टरबॅक हिशेब करायला लागला की त्याचं हेच होतं.

आणि हे समोरच्या कोचला पेपरात वाचायला मिळालेलं! टाइसनं ते जाहीर केलं हे मला आजही कळत नाही. डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर, म्हणजे डिफेन्सची आखणी करणारा कोच, आठवडाभर फिल्म बघून समोरच्या टीमच्या सवयी शोधत बसतो, इथे ती सवय नावासकट त्याच्या हातात दिली. मनात ३५ टक्के ठेवून कोणाला न सांगता खेळले असते तर निदान समोरच्याला अंदाज लावत बसायला लागलं असतं.

सीझन

पहिली मॅच शिकागो बेअर्सकडून २७-२३ हरले. दुसरी बफेलोकडून ओव्हरटाइममध्ये ४५-३९. तिसरी कॅरोलिनाकडून २१-१४. मग त्या आठवड्यात मॉसचं मिनियापोलिसमधलं ट्रॅफिकचं प्रकरण झालं, अटक झाली, आणि रविवारी सिअॅटलनं ४८-२३ नं हरवलं. ०-४. डिफेन्सनं ४५ आणि ४८ पॉइंट्स दिले त्याचं खापर रँडी रेशोवर फोडता येत नाही हे उघड आहे. कल्पेपरचे फम्बल (हातातून बॉल सुटणं) पण त्या वर्षी २३ होते, त्यातही मॉसचा काही संबंध नाही. म्हणून मी असं म्हणत नाही की सीझन या एका कल्पनेनं बुडवला. पण जी टीम आधीच बॉल सांभाळताना धडपडत होती, तिच्या क्वार्टरबॅकच्या डोक्यावर अजून एक ओझं टाकलं गेलं.

मला खरी हळहळ वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. २००२ मध्ये लीगमध्ये रनिंगमध्ये पहिल्या नंबरवर कोण होतं? हीच व्हायकिंग्स टीम. मायकेल बेनेटनं १२९६ यार्ड काढले, कल्पेपर स्वतः ६०० च्या वर यार्ड पळाला आणि १० टचडाउन पळून केले. हे का झालं, तर मॉसला धरायला डिफेन्सला एक सेफ्टी मागे ठेवायला लागायचा, त्यामुळे समोर पळायला एक माणूस कमी. म्हणजे मॉसचा सगळ्यात मोठा फायदा त्या वर्षी टीमला होत होता तो बॉल त्याच्याकडे जात नव्हता तेव्हा. ४० टक्क्यांच्या हिशेबात ही गोष्ट कुठेच बसत नाही, कारण तो हिशेब फक्त त्याच्या दिशेनं गेलेले बॉल मोजतो.

डिसेंबरमध्ये न्यू ऑर्लीन्सला एक मॅच झाली ती आठवण्यासारखी आहे. शेवटच्या काही सेकंदांत टचडाउन झाला, त्यानंतर किकनं एक पॉइंट घेऊन बरोबरी करायची की अजून एक प्ले खेळून दोनसाठी जायचं, टाइसनं दोन सांगितले. स्नॅप कल्पेपरच्या हातून निसटला, खाली पडला, त्यानं तो उचलला आणि सरळ स्वतः आत घुसला. ३२-३१. त्या प्लेमध्ये काय ठरलं होतं ते सगळं बाजूला गेलं आणि समोर जी जागा दिसली तिथे तो गेला. २६० पौंडांचा हा गडी असा खेळला की त्याला अडवणं अवघड होतं. सीझनच्या शेवटच्या तिन्ही मॅचेस ते जिंकले, सगळ्या तीन पॉइंट्सच्या आतबाहेर.

पुढची तीन वर्षं

रँडी रेशो गुंडाळला गेला. आणि २००३ मध्ये मॉसनं १११ कॅच, १६३२ यार्ड, १७ टचडाउन केले! कोटा होता तेव्हापेक्षा कोटा नव्हता तेव्हा कॅच जास्त. सरासरी परत १४.७ वर आली. कल्पेपरचे इंटरसेप्शन २३ वरून ११ वर आले, दोन मॅचेस तो खेळला नाही हे धरलं तरी फरक फार मोठा आहे. टीम पहिल्या सहा मॅचेस सलग जिंकली, नंतर घसरली आणि शेवटच्या मॅचला अॅरिझोनानं शेवटच्या क्षणी टचडाउन करून प्लेऑफमधून बाहेर काढलं, पण ९-७ तरी झाले.

त्यातली ऑक्टोबरची डेन्व्हरविरुद्धची मॅच ज्यांनी बघितली असेल त्यांना तो प्ले सांगायलाच नको. पहिला हाफ संपायला काही सेकंद, तिसरा डाउन आणि २४ यार्ड पाहिजेत. कल्पेपरनं लांब पास मॉसला टाकला, मॉसनं पकडला, दोन डिफेंडर त्याला धरून मागे ओढतायत, आणि पडता पडता यानं बॉल डोक्यावरून न बघता मागे फेकला. मागून धावत येणाऱ्या मो विल्यम्सनं तो घेतला आणि टचडाउन. आकड्यात तो मॉसचा टचडाउन नाही. पण दोन माणसं मॉसला लटकली होती म्हणून विल्यम्स मोकळा होता, हे त्या एका प्लेमध्ये डोळ्यांनी दिसतं.

२००४ मध्ये मॉसची मांडी दुखावली, तीन मॅचेस तो खेळला नाही, वर्षभरात फक्त ४९ कॅच. आणि कल्पेपरचं आयुष्यातलं सगळ्यात भारी वर्ष तेच, ४७१७ यार्ड, ३९ टचडाउन, ११ इंटरसेप्शन. नेट बर्ल्सन नावाचा दुसऱ्या वर्षाचा रिसीव्हर हजार यार्डांच्या पुढे गेला. म्हणजे बॉल वाटून द्यायला लागला आणि क्वार्टरबॅक फुलला. आता इथे लोक परत घाई करतात, की बघा मॉसची गरजच नव्हती. थांबा. २००५ मध्ये मॉसला ओकलँडला ट्रेड केलं. कल्पेपर ७ मॅचेस खेळला, ६ टचडाउन, १२ इंटरसेप्शन, आणि मग कॅरोलिनाविरुद्ध गुडघा गेला. मॉस दुखऱ्या पायानं असला तरी ४९ कॅचमध्ये १३ टचडाउन करत होता आणि डिफेन्स त्याच्याकडे झुकलेला राहायचा, तो गेल्यावर ते झुकणं पण गेलं. २००५ ला ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर पण बदलला होता, म्हणून सगळं श्रेय किंवा दोष एका गोष्टीला देता येत नाही, पण दिशा दिसते.

तोच कोऑर्डिनेटर, दहा वर्षांनी

२००२ ते २००४ या तिन्ही वर्षी व्हायकिंग्सचा ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर होता स्कॉट लिनेहन. हाच माणूस २०१२ मध्ये डेट्रॉइट लायन्सचा कोऑर्डिनेटर होता, क्वार्टरबॅक मॅथ्यू स्टॅफर्ड आणि रिसीव्हर कॅल्विन जॉन्सन. जाहीर केलेला कोटा नव्हता, तरी वळण तेच. स्टॅफर्डनं ७२७ पास टाकले, तोपर्यंत एका सीझनमध्ये एवढे कोणीच टाकले नव्हते. जॉन्सनचे १२२ कॅच, १९६४ यार्ड, जेरी राइसचा १९९५ चा १८४८ यार्डांचा रेकॉर्ड मोडला. टचडाउन ५. टीम ४-१२, शेवटच्या आठही मॅचेस हरले. राइसनं १९९५ मध्ये तेवढ्याच १२२ कॅचमध्ये १५ टचडाउन केले होते आणि त्याची टीम ११-५ होती.

रेकॉर्ड मोडला ती २२ डिसेंबरची अटलांटाविरुद्धची मॅच, घरच्या मैदानावर. जॉन्सनचे ११ कॅच, २२५ यार्ड. रेकॉर्डचा कॅच घेतला आणि तो धावत बाजूला गेला, बॉल आपल्या वडिलांच्या हातात दिला. आणि मॅच ३१-१८ अशी हरले. त्या माणसासाठी मला अजूनही वाईट वाटतं, त्यानं त्याच्या परीनं काहीच कमी केलं नव्हतं.

पण स्टॅफर्ड एकाच माणसाला चिकटून राहिला असं म्हणण्याआधी बाकी रिसीव्हर कोण होते ते बघायला पाहिजे. बर्ल्सन, तोच मिनेसोटावाला, तोपर्यंत डेट्रॉइटला आला होता आणि ऑक्टोबरमध्ये पाय मोडून घरी बसला. रायन ब्रॉयल्सचा गुडघा गेला. टायटस यंगला टीमनंच बाजूला केलं. शेवटी शेवटी जॉन्सन सोडून टाकायचं कोणाला हाच प्रश्न होता, आणि गोल लाइनजवळ मैदान आखूड झालं की दोन-दोन तीन-तीन माणसं त्याच्यावर, म्हणून यार्ड एवढे आणि टचडाउन पाच. इथे झुकतं माप हा निर्णय नव्हताच, नाइलाज होता, आणि या दोन गोष्टी एकाच पारड्यात टाकू नयेत.

तोच क्वार्टरबॅक, नऊ वर्षांनी

२०२१ मध्ये स्टॅफर्ड लॉस एंजेलिस रॅम्सकडे गेला. रिसीव्हर कूपर कप. १४५ कॅच, १९४७ यार्ड, १६ टचडाउन. स्टॅफर्डचे त्या सीझनचे पूर्ण झालेले पास ४०४, म्हणजे शंभरातले ३६ कॅच एकट्या कपचे. २०१२ मध्ये जॉन्सनचा हाच वाटा २८ होता. २००२ मध्ये मॉसचा साधारण ३२. म्हणजे या तिघांत सगळ्यात जास्त झुकतं माप ज्याला मिळालं ती टीम सुपर बोल, म्हणजे लीगची फायनल, जिंकली. स्टॅफर्डचे इंटरसेप्शन सुद्धा दोन्ही वर्षी १७ च. नुसत्या टक्केवारीवरून वाद घालणाऱ्यांनी हे आकडे एकदा शेजारी शेजारी ठेवून बघावेत.

मग फरक कशात? कप कडेला एका जागी उभा राहत नव्हता. कधी स्लॉटमध्ये (लाइन आणि कडेचा रिसीव्हर यांच्या मधल्या जागेत), कधी तीन जणांच्या घोळक्यात, कधी स्नॅपच्या आधी धावत दुसऱ्या बाजूला. त्याच्यावर दोन माणसं आधीपासून लावून ठेवणंच अवघड. आणि त्याचे बरेच रूट (पळायच्या ठरलेल्या वाटा) असे की डिफेंडर आत असेल तर बाहेर वळायचं, बाहेर असेल तर आत, म्हणजे डिफेन्स वाचायचं काम तो आणि स्टॅफर्ड दोघं एकाच वेळी करत होते. मॉसच्या बाबतीत ठरलेला होता तो आकडा, इथे ठरलेलं होतं ते कपला मोकळं कसं करायचं, आणि हेड कोच शॉन मॅकव्हेचं सगळं डोकं त्यात गेलेलं.

१३ फेब्रुवारी २०२२ ची सिनसिनाटीविरुद्धची फायनल तर या विषयाची परीक्षाच होती. रिसीव्हर रॉबर्ट वूड्स नोव्हेंबरमध्येच जखमी झालेला, दुसरा रिसीव्हर ओडेल बेकहॅम दुसऱ्या क्वार्टरमध्ये गुडघा धरून बाहेर गेला, टाइट एंड टायलर हिग्बी आधीच बाहेर. म्हणजे २०१२ सारखीच परिस्थिती, कप सोडून मोठं नाव कोणीच नाही, आणि समोरच्यांना ते पक्कं माहिती. सहा मिनिटं बाकी, रॅम्स ४ पॉइंट्सनी मागे, ७९ यार्ड जायचंय. चौथा डाउन आणि एक यार्ड हवा, तिथे कपला पास टाकलाच नाही, धावत येणाऱ्या कपच्या हातात बॉल दिला आणि तो ७ यार्ड घेऊन गेला. नंतर एक पास होता २२ यार्डांचा, मधोमध, डिफेंडरांच्या गर्दीत. स्टॅफर्डनं डोकं दुसरीकडे वळवलं, सेफ्टी तिकडे सरकला, आणि बॉल गेला कपकडे. आवडत्या माणसाला पास द्यायचा आहे म्हणूनच नजर दुसरीकडे, हे कल्पेपरच्या त्या अर्ध्या सेकंदाच्या अगदी उलट आहे. १ मिनिट २५ सेकंद उरले असताना एक यार्डाचा टचडाउन, तोही कप. २३-२०.

मग क्वार्टरबॅकनं करायचं काय

माझं मत, पहिली नजर स्टारवर असलीच पाहिजे. तो एकास एक दिसला तर सलग तीनदा त्यालाच द्या, कोणी काही म्हणू दे. महत्त्वाच्या तिसऱ्या डाउनला त्याच्यासाठी प्ले आखा, त्याला हलवा, लपवा, घोळक्यात ठेवा, एवढं करून तो मोकळा झाला की ३६ टक्के काय अजून जास्त गेले तरी चालतील. पण स्नॅपनंतर दोन माणसं त्याच्यावर दिसली की त्या प्लेपुरतं त्याचं काम झालेलं असतं, त्यानं जागा करून दिली, आता बॉल दुसरीकडे.

राहिला स्टारच्या मूडचा प्रश्न, जो टाइसला सतावत होता आणि जो खरा आहे. त्यावर कोट्यापेक्षा चांगला उपाय त्या काळीही होता. बऱ्याच टीम मॅचचे पहिले १५ वगैरे प्ले आधीच लिहून ठेवतात, कोच बिल वॉल्शच्या काळापासून. त्यातले चार-पाच मॉससाठी लिहा, पहिल्या क्वार्टरमध्येच त्याचे हात बॉलला लागू द्या, तो मॅचमध्ये येईल. २००७ मध्ये न्यू इंग्लंडला मॉसचे ९८ कॅच होते, त्याच टीममध्ये वेस वेल्करचे ११२, तरी मॉसनं २३ टचडाउन करून रेकॉर्ड केला आणि टीम नियमित सीझनमध्ये १६-० राहिली. कॅचमध्ये टीममधला दुसरा नंबर असूनही तो तिथे खुशीत खेळला. त्याला जिंकायचं होतं, आणि त्याचा वापर त्याच्या खऱ्या ताकदीसाठी होत होता.

आणि कोचसाठी एक गोष्ट, जी या प्रकरणात फारशी कोणी बोलत नाही. २०२१ चा स्टॅफर्ड तेराव्या सीझनमध्ये होता, हेडसेटमधून काहीही सांगितलं तरी समोर दुसरं दिसल्यावर तो आपल्या मनाचं करू शकत होता. २००२ चा कल्पेपर स्टार्टर म्हणून तिसऱ्या वर्षात होता, नवीन हेड कोच, नवीन कोऑर्डिनेटर, कार्टर गेलेला. अशा मुलाला हेड कोचनं आकडा दिला की तो त्याच्यासाठी हुकूम होतो. आकडा ठेवायचाच असेल तर तो सोमवारी फिल्म बघताना कोचनं स्वतःच्या वहीत ठेवावा, स्टारला कमी पास का गेले ते शोधावं आणि पुढच्या आठवड्याचे प्ले त्याप्रमाणे बदलावेत. रविवारी मैदानात उतरताना क्वार्टरबॅकला तो कळायचं काहीच कारण नाही.